डोळ्यांच्या संशोधनात भारत कितवा? आधी छेद सांगा

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालाकडे येणारे प्रश्न बहुतेक दोनच असतात. "हा पेपर फुकट मिळेल का?" आणि "हे जर्नल प्रमोशनला चालतं का?" त्यामुळे आमच्या नेत्रविभागाच्या मॅडम एका दुपारी जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, "सर, डोळ्यांच्या संशोधनात आपला देश जगात कितवा, तेवढं काढून द्या ना, कॉन्फरन्सची पहिली स्लाइड त्याचीच करते," तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, बसा, चहा येईपर्यंत देतो.

तीन आठवडे लागले. आणि हातात आले ते एकाऐवजी पाच आकडे. एकात आपण वरच्या रांगेत, दुसऱ्यात अध्येमध्ये, तिसऱ्यात पार खाली. पाचही खरे. मॅडमनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मग मी नक्की काय सांगू?" हा लेख त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे.

पाचवीत अपूर्णांक शिकलो तेव्हा वरचा अंश आणि खालचा छेद असं गुरुजींनी सांगितलं होतं. देशाचं संशोधन मोजताना सगळे अंश छातीठोकपणे सांगतात आणि छेद गिळून टाकतात. पण आधी अंशाकडेच बघू, कारण तोसुद्धा वाटतो तितका साधा नसतो.

सगळ्यांना फुकट मिळणारा डेटाबेस म्हणजे पबमेड. तो अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा. मी डोळ्यांचे शब्द टाकले, लेखकांच्या पत्त्याच्या रकान्यात 'इंडिया' टाकून पुढे चांदणी लावली, म्हणजे त्या अक्षरांनी सुरू होणारं सगळं येईल. आलं ना! अमेरिकेतलं इंडियाना राज्य आलं, इंडियानापोलिस शहर आलं, तिथल्या नेत्रतज्ज्ञांचे पेपर भारताच्या खात्यावर जमा झाले. चांदणी काढली. मग वर्षवार आलेख काढला तर २०१४ पासून भारताची रेघ एकदम उसळी घेते. मॅडम खूश. मी नव्हतो, कारण त्याच सुमाराला पबमेडने पत्ते नोंदवायची पद्धत बदलली. त्याआधी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदला जायचा, २०१४ पासून सगळ्यांचे नोंदले जाऊ लागले. म्हणजे २०१२ साली मदुराईच्या डॉक्टरांचं नाव अमेरिकी लेखकाच्या मागे तिसरं असेल, तर तो पेपर पबमेडच्या लेखी भारताचा नव्हताच. आलेखातली किती उसळी संशोधनाची आणि किती कारकुनीची, हे त्या रेघेकडे बघून कळत नाही.

शहरांची नावं हा आणखी वेगळा ताप. मुंबई आणि बॉम्बे, चेन्नई आणि मद्रास, पुणे आणि पूना. देश मोजताना हे एकवेळ चालून जातं, संस्था मोजताना नाही. लेखकांच्या नावांचंही तेच: 'कुलकर्णी एस.' या नावाने शोधून बघा, एका नावाखाली कितीतरी वेगळी माणसं निघतात. मग हा विषय काढताना लोक सुस्कारा का टाकतात ते कळेल.

पुढचा प्रश्न, डोळ्यांचं संशोधन म्हणजे कुठलं? वेब ऑफ सायन्ससारखे पैसे भरून मिळणारे डेटाबेस ही विभागणी जर्नलवरून करतात. नेत्रविज्ञानाच्या जर्नलमध्ये छापला, की नेत्रविज्ञान. सोय म्हणून ठीक आहे, पण यातून सर्वांत मोठे मासे निसटतात. २०१६ मध्ये गूगलच्या चमूने एक पेपर छापला: मधुमेहामुळे पडद्यावर झालेली इजा संगणकाने फोटोवरून ओळखायची. एक लाख अठ्ठावीस हजारांवर फोटोंवर तो संगणक शिकला, आणि त्यातले बरेच फोटो मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय आणि बेंगळुरूचं नारायण नेत्रालय इथल्या रुग्णांचे. हजारो वेळा उल्लेखला गेलेला हा पेपर 'जामा'मध्ये आला, आणि 'जामा' हे सर्वसाधारण वैद्यकाचं जर्नल. जर्नलच्या चाळणीने नेत्रविज्ञान मोजलंत, तर डोळ्यांवरचा त्या दशकातला सर्वांत गाजलेल्यांपैकी एक पेपर तुमच्या यादीत नसतो.

समजा शब्दांवरून शोधून तो यादीत आणला. मग तो कुणाचा? लेखक मुख्यतः अमेरिकेतले, भारतातले मोजके. इथे मला गावाकडचा सातबारा आठवतो. दहा एकर जमीन, पाच भावांची नावं. कुणालाही विचारा, "आमची दहा एकर आहे." पाचही जणांचं ऐकून बेरीज केली तर पन्नास एकर होते आणि गावात तेवढी जमीनच नसते. संशोधन मोजताना ही रीत सर्रास चालते. पेपरवर ज्या ज्या देशाचा एक जरी लेखक असेल, त्या प्रत्येकाला पूर्ण एक पेपर. दुसरी रीत म्हणजे आणेवारी लावायची: दहा लेखकांत दोन भारतीय असतील तर भारताच्या वाट्याला दोन दशांश. पहिल्या रीतीने सहकार्य खूप करणारे देश फुगतात, दुसरीने आखडतात. मॅडमच्या कागदावरचे पहिले दोन आकडे हे, एकाच यादीचे, फक्त आणेवारी लावून आणि न लावता.

आणेवारी न लावण्याची गंमत टोकाला कुठे जाते? जगभरातल्या आंधळेपणाचा हिशोब मांडणारे मोठे पेपर निघतात, २०२१ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये असाच एक आला. अशा पेपरांवर शेकडो लेखक असतात, डझनावारी देशांतले. अख्ख्या वर्षात नेत्रविज्ञानाचे पाच पेपर निघणाऱ्या एखाद्या छोट्या देशाचा एक माणूस त्यात असला, की दर पेपरमागे सायटेशनच्या यादीत तो देश अमेरिकेच्याही वर जाऊन बसतो. (सायटेशन म्हणजे पुढच्या कुणीतरी आपल्या पेपरखाली तुमच्या पेपरचा हवाला देणं. हा शब्द पुढे फार येणार आहे.)

आता छेद.

पेपरांची नुसती संख्या घेतली, तर नेत्रविज्ञानात भारत जगातल्या पहिल्या दहांत सहज दिसतो. स्कोपस या डेटाबेसवर उभी असलेली सिमॅगो नावाची मोफत साइट आहे, १९९६ पासूनचे देशवार आकडे देते. तुम्हीही बघू शकता. पण खाली लोकसंख्या ठेवली की चित्र पालटतं. सिंगापूर साठ लाखांचा देश, आपण एकशे चाळीस कोटींच्या वर. माणशी पेपर काढले तर सिंगापूर कुठच्या कुठे आणि आपण कुठल्या कुठे. यावर लगेच मान खाली घालायचं कारण नाही, कारण लोकसंख्या पेपर लिहीत नाही. पैसा आणि माणसं लिहितात. भारत एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के संशोधन-विकासावर खर्च करतो, म्हणजे एक टक्काही नाही. तो पैसा छेदात ठेवला तर आपण बरेच वर सरकतो. आणि नेत्रतज्ज्ञांची संख्या ठेवली तर? आपल्याकडे वीस-पंचवीस हजार नेत्रतज्ज्ञ. त्यातल्या एकेकाची ओपीडी सकाळी नऊला सुरू होते ती जेवणाची वेळ टळून गेली तरी संपत नाही. मॅडमना विचारलं, शेवटचा पेपर कधी लिहिलात? म्हणाल्या, "रात्री अकरानंतर, धाकट्याची परीक्षा संपल्यावर."

रोगाचा भार छेदात ठेवावा असंही कुणी सांगतं, आणि मला ते सर्वांत पटतं. ज्या देशात जो रोग जास्त, तिथे त्यावर संशोधन जास्त हवं. पण हा छेदसुद्धा सरकतो. २००६-०७ च्या पाहणीत भारतातल्या आंधळेपणाचं प्रमाण एक टक्का होतं, २०१५-१९ च्या पाहणीत ०.३६ टक्के. मोतीबिंदूची ऑपरेशनं वाढली, हे खरंच. पण मधे २०१७ साली व्याख्याही बदलली. आधी सहा मीटरवरून बोटं मोजता न येणारा माणूस आंधळ्यांत धरला जाई, आता तीन मीटरवरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाशी जुळवून घेण्यासाठी केलेला बदल आहे, त्यात लबाडी नाही. फक्त दोन आकडे शेजारी ठेवून टाळ्या वाजवताना हे सांगावं लागतं.

आणखी एक छेद आहे, तज्ज्ञ त्याला सक्रियता निर्देशांक म्हणतात. कल्पना साधी आहे. एखाद्या देशाच्या दर शंभर वैद्यकीय पेपरांत चार डोळ्यांचे असतील आणि जगात सरासरीने दोन असतील, तर निर्देशांक दोन. म्हणजे त्या देशाचा डोळ्यांकडे दुप्पट कल. मोठा देश की छोटा, हा प्रश्नच गळून पडतो. पण हे माप कल सांगतं, दर्जा अजिबात सांगत नाही, आणि एखाद्या देशाचं बाकी वैद्यकशास्त्र लंगडं असलं तरी डोळ्यांचा निर्देशांक छान दिसतो.

दर्जाकडे वळलं की पहिल्यांदा सायटेशनच पुढे येतं. त्याची सरासरी काढणं मात्र घातक, कारण इथे वाटणी समान नसते. थोडे पेपर सगळं खातात, बाकीचे उपाशी. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने डोळे गेले, जबडे गेले. गुजरात आणि महाराष्ट्रात सर्वांत जास्त रुग्ण. त्याच वर्षी 'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'मध्ये देशभरातल्या २,८२६ रुग्णांची माहिती एकत्र मांडणारा पेपर आला. जगात दुसरीकडे कुठे एवढे रुग्णच नव्हते, त्यामुळे तो शेकड्यांनी उद्धृत झाला. त्या वर्षाची भारताची सरासरी असल्या एका पेपराने वर उचलली जाते. म्हणून जाणकार सरासरी सोडून दुसरं विचारतात: जगात त्या वर्षी, त्या विषयात सर्वाधिक सायटेशन मिळालेले दहा टक्के पेपर बाजूला काढा, तुमच्या देशाच्या पेपरांपैकी किती टक्के त्यात बसतात? दहा टक्के बसले तर तुम्ही जगाच्या बरोबरीने. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाची क्रमवारी याच मापाला महत्त्व देते. वर्ष आणि विषय ठरवून घेणं इथे गरजेचं, कारण जुन्या पेपरला सायटेशन जमवायला वेळ जास्त मिळालेला असतो, आणि कर्करोगाच्या शाखेत माणसंच इतकी आहेत की तिथे सायटेशनचा पाऊस पडतो. डोळ्यांच्या पेपरची त्याच्याशी तुलना म्हणजे माणदेशातल्या पावसाची महाबळेश्वरशी.

एच-इंडेक्सबद्दल फार लिहीत नाही. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एकेका शास्त्रज्ञासाठी तो काढला. पन्नास पेपरांना किमान पन्नास-पन्नास सायटेशन, तर इंडेक्स पन्नास. देशाला लावला की तो फक्त वाढतो, कधी उतरत नाही, त्यामुळे ज्याचं दुकान जुनं आणि मोठं त्याचा वर. आमच्या कॉलेजच्या अहवालात तो रंगीत छापतात.

इम्पॅक्ट फॅक्टर मात्र थांबून बघण्यासारखा आहे, कारण छेदाची खरी करामत तिथे आहे. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या मजकुराला यंदा किती सायटेशन मिळाली, भागिले त्या दोन वर्षांत छापलेले लेख. वर, अंशात, सगळ्याची सायटेशन धरतात: लेख, संपादकीय, वाचकांची पत्रं, काहीही. खाली, छेदात, मोजतात फक्त मूळ संशोधन आणि आढावा लेख. म्हणजे चार चुरचुरीत संपादकीयं छापली आणि ती गाजली, तर वर भर पडते आणि खाली शून्य. शिवाय हे माप जर्नलचं आहे. बस वातानुकूलित आहे म्हणून आतला प्रत्येक प्रवासी श्रीमंत ठरत नाही, तसंच मोठ्या जर्नलमधला प्रत्येक पेपर. हे न्यूटन-आइन्स्टाइन पातळीचं गुपित नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी जाहीरनामाच काढला की माणसं नेमताना हे माप वापरू नका. तरी आमच्या नेमणुकीच्या फॉर्मवर तो रकाना आहे.

आता मॅडमचं गाऱ्हाणं, जे ऐकून मी हा लेख लिहायला बसलो. आमच्या भागात ऊस आहे. तोडणीच्या दिवसांत पाचटाचं पातं डोळ्याला लागून लोक येतात. आधी घरी दूध घालतात, मग मेडिकलमधून थेंब आणतात, आणि बुबुळावर बुरशी वाढून पांढरं झालं की आमच्याकडे. पुढे फूल पडतं आणि नजर जाते. यावर कुठला थेंब चांगला? जुनं नॅटामायसिन की नवं व्होरिकोनॅझोल? याचं पक्कं उत्तर दक्षिण भारतातल्या ३२३ रुग्णांवरच्या चाचणीतून आलं. अरविंद रुग्णालय आणि कॅलिफोर्नियातली संस्था यांनी मिळून केलेली, अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या पैशावर. निकाल २०१३ मध्ये छापून आला. जुनं औषध सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियम बुरशीवर. मॅडम रोज त्या पेपराच्या आधारे चिठ्ठी लिहितात.

पण त्या चिठ्ठीला सायटेशन म्हणत नाहीत. सायटेशन मोजतं संशोधकांचं आपसातलं बोलणं. बुबुळाची बुरशी हा उष्ण प्रदेशातल्या शेतात राबणाऱ्यांचा रोग, आणि जगातले बहुतेक लिहिते नेत्रसंशोधक जिथे राहतात तिथे तो विरळा. तिथल्या लोकांना चिंता वाढत्या वयात पडद्याच्या मध्यावर होणाऱ्या झिजेची, त्यामुळे त्या विषयाच्या मध्यम पेपरलाही वाचक भरपूर. 'डोळे' असा एकच विषय धरून बरोबरी केली, तर ऊस आणि भाताच्या प्रदेशातलं काम आधीच मागून धावायला लागतं. बरोबरी करायचीच, तर बुरशीच्या पेपरची बुरशीच्या पेपरशी.

मग दर्जा दुसरा कसा बघायचा? मला दोन रस्ते बरे वाटतात. एक म्हणजे पेपर कुठल्या जातीचा आहे ते बघणं. एका दुर्मिळ रुग्णाची हकिकत, जुन्या केसपेपरवरून काढलेला गोषवारा आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेली चाचणी, या तिन्हींना मोजणीत एकेक गुण मिळतो, पण यांच्या वजनात फरक किती! भारतात चाचणी सुरू करण्याआधी सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते. ही सीटीआरआय २००७ मध्ये सुरू झाली, आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंद हवी हे एप्रिल २०१८ पासून सक्तीचं झालं. किती चाचण्या नोंदल्या आणि त्यातल्या किती छापून आल्या, हा अपूर्णांक देशाबद्दल बरंच बोलतो. इथे छेद आयता मिळतो, तरी तो फार थोडे लोक वापरतात.

दुसरा रस्ता, पेपर पुढे कुठे पोचला ते बघणं. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयाचं उदाहरण घ्या. तिथे मोतीबिंदूच्या चारशे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला फेको, म्हणजे महागडं यंत्र. दुसऱ्याला छोट्या छेदाचं, यंत्राशिवायचं ऑपरेशन. (हा छेद वेगळा, गुरुजींचा नव्हे.) निकाल २००५ मध्ये छापला. सहा आठवड्यांनी चष्म्याविना नीट दिसणारे फेकोत ८१ टक्के, दुसऱ्यात ७१; पण चष्मा दिल्यावर दोन्हींकडे ९८.४. ज्या शिबिरात दिवसाला शंभर ऑपरेशनं करायची आणि यंत्र नाही, तिथल्या डॉक्टरला या दोन ओळी पुरतात. कॉक्रेन नावाची संघटना जगभरच्या चाचण्या एकत्र तोलते. या दोन पद्धतींची तुलना तिने २०१३ मध्ये केली तेव्हा मिळालेल्या आठ चाचण्या भारत, नेपाळ आणि दक्षिण आफ्रिका एवढ्या तीन देशांतल्याच होत्या. या प्रश्नावर अमेरिका किंवा जर्मनी कितवी, हे विचारायलाही कुणी गेलं नाही.

हे झालं वरच्या लोकांचं. खाली काय? प्रा. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांची दहा वर्षांची झडती घेतली, सगळ्या शाखा धरून. पंचवीस संस्थांनी देशाचे ४० टक्के पेपर दिले होते. ३३२ संस्थांनी, म्हणजे निम्म्याहून जास्त, दहा वर्षांत एकही नाही. 'भारताची सरासरी' म्हणताना ही सरासरी कुणाचीच नसते, हे त्यात दिसतं. त्याच सुमाराला, २०१५ मध्ये, मेडिकल कौन्सिलने प्रमोशनसाठी पेपर मोजताना पहिले दोनच लेखक धरायचं ठरवलं. पेपरांची संख्या वाढली, आणि 'पहिलं नाव कुणाचं' यावरून विभागाविभागांत जे झालं ते मी काउंटरमागून बघितलंय. तिसऱ्या क्रमांकावर सांख्यिकीचं सगळं काम केलेला पोरगा असायचा. पुढे नियम थोडा सैल झाला.

मॅडमनी शेवटी स्लाइडवर पाचही आकडे लावले, प्रत्येकाखाली 'भागिले काय' ते लिहून. मला आवडलं. सभागृहातल्या मागच्या रांगांना खालची ओळ वाचता आली का, माहीत नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच आकड्यात नव्हती. माझ्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटं आहेत, त्यात एम.एस. करणाऱ्यांचे प्रबंध, काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरं. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर मुख्यतः पीएच.डी.चे प्रबंध जातात, हे इथेच राहतात. त्यातला एक मॅडमसाठी काढला होता: तीन वर्षांत बुबुळाला इजा होऊन आलेल्या रुग्णांचा. एक तक्ता आहे, इजा कशाने झाली त्याचा. उसाचं पातं, भाताचं तूस, बैलाची शेपटी, वेल्डिंगची ठिणगी. पुढे प्रत्येकासमोर किती दिवसांनी दवाखान्यात आला, आधी काय घातलं, शेवटी किती दिसलं. रेसिडेंटने हाताने आखलेल्या रेघा आहेत, टाइप करून वर चिकटवलेले आकडे आहेत. पोराला डिग्री मिळाली, तो निघून गेला, पेपर कधी छापला नाही. आतल्या चिठ्ठीवर दोन तारखांचे शिक्के होते; मॅडमनी नेला, तेव्हा मी तिसरा मारला.